ओल (गीता, अध्याय ७, श्लोक १०)



काल आपण नववा श्लोक बघितला, आज दहावा. अर्जुनाला भगवंत सांगतात की जे जे म्हणून जन्माला आलंय त्या सगळ्याचं मूळ बीज मलाच समज, आणि हे बीज आज आहे उद्या नाही असं नव्हे, सनातन आहे. पुढे बुद्धिमंतांच्या बुद्धीचा आणि तेजस्वी माणसांच्या तेजाचा उल्लेख येतो. पण आज मी 'बीज' या एका शब्दाच्या पुढे जाणार नाहीये. गेल्या दोन वर्षांत या शब्दाने मला बराच त्रास दिला आणि बरंच काही दिलं, ते आज लिहून टाकतो. थोडं घरगुती आहे, सांभाळून घ्या.

तेव्हा आम्ही मिनेसोटात होतो, मिनियापोलिसच्या एका उपनगरात, भाड्याच्या घरात. मागे छोटं अंगण. तिथल्या गवताळ प्रदेशात, ज्याला ते प्रेअरी म्हणतात, एक रानटी सूर्यफूल होतं: मॅक्सिमिलियन सूर्यफूल. मॅक्सिमिलियन हा जर्मन राजपुत्र. १८३२ ते १८३४ या काळात तो अमेरिकेच्या आतल्या भागात झाडं, प्राणी आणि माणसं बघत फिरला, त्याचं नाव या झाडाला मिळालं. आपल्याला माहीत असलेलं सूर्यफूल चार महिन्यांचं: पेरलं, वाढलं, एकच मोठं तोंड फुललं, दाणे भरले, संपलं. हे तसं नाही. हे बहुवर्षायू आहे. हिवाळ्यात जमिनीच्या वरचं सगळं वाळून जातं, मुळं खाली जिवंत राहतात आणि वसंतात पुन्हा कोंब येतात. फुलं लहान, दोनतीन इंच, पण एका दांड्यावर खालून वरपर्यंत भरपूर. उंची माणसाच्या डोक्याच्या वर जाते. एका पार्कमध्ये सप्टेंबरात ते फुललेलं बघितलं आणि ठरवलं की हे आपल्याकडे पाहिजे. रोप विकत मिळतं. पण मला बीपासून करायचं होतं. (इंजिनिअर माणूस, तयार गोष्ट कशी घेणार!)

पहिल्या वर्षी मे महिन्यात बियांचं पाकीट फोडलं, कुंडीत पेरलं, रोज पाणी घातलं. एकही उगवलं नाही. तीस-चाळीस बिया असतील, एकही नाही. मग वाचलं तेव्हा कळलं की या बियांना आधी थंडी लागते, साधारण एक महिना. कारण ऐकण्यासारखं आहे. हे झाड शरद ऋतूत बी टाकतं. पडलेलं बी जमीन अजून ऊबदार आहे म्हणून लगेच रुजलं, तर पंधरा दिवसांत बर्फ पडणार आणि कोवळं रोप मरणार. म्हणून बीच्या आतच एक कुलूप असतं. बराच काळ थंडी गेली, म्हणजे हिवाळा होऊन गेला, आता उघडायला हरकत नाही, अशी ती व्यवस्था. मला फार आवडलं हे. डिसेंबरात दुसरं पाकीट आणलं आणि तसंच, सीलबंद, फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवलं. वर मार्करने तारीख लिहिली. लेक तेव्हा पाच वर्षांची. ती रोज कप्पा उघडून बघायची, "झोपलंय अजून."

जानेवारीत एका मंगळवारी सकाळी साडेआठला पंधरा मिनिटांची एक मीटिंग कॅलेंडरवर आली. विषय लिहिलेला नव्हता. तुमच्यापैकी जे आयटीत आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. नऊ वाजता माझा लॅपटॉप बंद पडला होता.

एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवीन कंपनीने अर्ज दाखल केला पाहिजे, नाहीतर काहीतरी दुसरा मार्ग, नाहीतर सामान बांधायचं. ६० हा आकडा मी फ्रिजवर लिहिला नाही, पण घरात तो सगळीकडे होता. बायकोने दूध आणताना लहान कॅन आणला तरी मला वाटायचं, हिनेही मोजायला सुरुवात केलीये.

आता श्लोकाकडे येतो, कारण खरी गोष्ट ती आहे.

त्या दिवसांत माझी साधना बंद पडली होती असं नाही. उलट वाढली होती. सकाळी पाचला उठायचो. अकरा माळा व्हायच्या, मोबाइलवरच्या काउंटरवर आकडा टिपायचो. सातवा अध्याय रोज वाचायचो. त्यानंतर नोकरीचे अर्ज, दिवसाला वीसपंचवीस, त्याचीही शीट. सगळं शिस्तीत. आणि आत काही म्हणजे काही होत नव्हतं. नाम तोंडातून जायचं, तेवढंच. आईला नोकरीचं सांगितलं नव्हतं. रविवारच्या भजनाला जाणं बंद केलं होतं, कारण तिथे पहिला प्रश्न "काय, कसं चाललंय?" हाच असतो. बायकोशी बोलायचो ते फक्त हिशेबाचं. मी स्वतःला समजावत होतो की ही थंडी आहे, बी थंडीतच तयार होतं, गप्प सहन करायचं, मार्चमध्ये सगळं उघडेल. अगदी तसंच लिहून ठेवलं होतं डायरीत. छान वाटतं असं लिहायला.

काही दिवसांनी आईचा व्हिडिओ कॉल आला. लेकीने फोन हातात घेतला आणि आजीला फ्रिज दाखवायला नेला. आई बार्शीकडची, आयुष्य शेतात गेलं. सूर्यफूल तिला नवं नाही, सोलापूर-मराठवाड्याकडे ते तेलबियांचं पीक म्हणून घेतात, तिच्या माहेरीही होतं. तिने पाकीट बघितलं आणि म्हणाली,

"अरे, हे बी फ्रिजात कशापायी?"

मी समजावून सांगितलं. इथला हिवाळा, कुलूप, सगळं.

"आपल्याकडं तर टाकलं की आठवड्यात वर येतं."

"हे वेगळं सूर्यफूल आहे गं आई. याला थंडी लागते."

"बरं, लागत असंल. पर हे तर कोरडंठाक हाय."

"म्हणजे?"

"अरे, कोरडं बी थंड जागी ठिवलं तर ते नुसतं टिकतं. आम्ही कणगीत बी ठिवायचो, राख लावायची, कडुनिंबाचा पाला घालायचा, ओल लागू द्यायची नाही. कशाला? तर त्यानं उगवू नये म्हणून. तू पण तेच करून ठिवलंयस. महिनाभर ठिव न्हाईतर वर्षभर, त्याला काय कळणार हाय?"

मी गप्प. नंतर परत वाचलं. ती बरोबर होती. पानावर ठळक लिहिलेलं होतं, मीच सोडून पुढे गेलो होतो: थंड आणि ओलसर. दोन्ही एकत्र. कोरड्या बीला फ्रिजमध्ये ठेवलं की त्याचं आयुष्य वाढतं, बियांचे साठे तसेच जपतात. पण कुलूप उघडण्याचं काम आत तेव्हाच चालू होतं, जेव्हा बीने थोडं पाणी पिऊन घेतलेलं असतं. कोरड्या बीला थंडी कळतच नाही. ते थंडीत असतं, एवढंच.

मी डायरीत लिहिलेलं वाक्य आठवलं आणि लाज वाटली.

मग आईनेच सांगितलं कसं करायचं. वाळू घे. पाणी शिंपड. "ओल म्हंजे पाणी न्हवं. वापसा पायजे. मुठीत दाबली की ढेकूळ व्हावं, टाकलं की फुटावं. पाणी गळायला लागलं तर बी कुजंल." शहरात वाढलेल्यांसाठी: पाऊस पडून गेल्यावर जमीन चिखलही राहत नाही आणि कोरडीही झालेली नसते, पेरायला योग्य अशी ती जी अवस्था येते तिला वापसा म्हणतात. माझ्या मते मराठीतल्या उत्तम शब्दांपैकी एक. बायकोने वाळू धुतली, ओलसर केली, लेकीने त्यात बिया मिसळल्या, झिपलॉकच्या पिशवीत घालून परत फ्रिजमध्ये. जुनी तारीख खोडून नवी लिहिली. एक महिना फुकट गेला होता.

आणि मग, फोन ठेवता ठेवता, आईने विचारलं, "आज कामावर न्हाई गेलास? तिकडं सकाळचे दहा वाजले असतील."

सांगितलं. सगळं सांगितलं. काय बोललो ते इथे लिहीत नाही. ती म्हणाली, "मग एवढे दिवस एकटाच बसलास व्हय रे." एवढंच. सल्ला नाही, 'देव बघतोय' नाही. त्या संध्याकाळी माळ घेतली तेव्हा तिसऱ्या-चौथ्या मण्यालाच थांबावं लागलं. काउंटर राहूनच गेला.

आता सातवा अध्याय उघडा आणि दहाव्या श्लोकावरून दोन श्लोक मागे जा. आठव्यात भगवंत 'मी कुठे आहे' हे सांगायला सुरुवात करतात. सगळ्यात पहिली गोष्ट कुठली सांगतात? पाण्यातला रस. त्यानंतर चंद्र-सूर्याचा प्रकाश. नवव्यात जमिनीचा पवित्र गंध, अग्नीचं तेज, सगळ्या जिवांमधलं जीवन. आणि मग दहाव्यात बीज. मी हे शंभर वेळा वाचलं होतं. पण त्या रात्री पहिल्यांदा दिसलं की ही सरळसरळ बाग लावायची यादी आहे: पाणी, ऊन, माती, ऊब, जीव, आणि मग बी. बी तो आहेच. पण बीला भिजवणारी ओलही तोच आहे, आणि ती त्याने आधी सांगितली आहे. मी काय करत होतो? दहावा श्लोक घट्ट धरून बसलो होतो, बी आत आहे, सनातन आहे, त्याला काही होत नाही. खरंच आहे, काही होत नाही. काहीच होत नाही, हीच तर अडचण!

आणि या यादीत थंडी नाही. नीट बघा. आठ, नऊ, दहा, अकरा, कुठेही 'मी थंडी आहे' असं नाही. थंडी-उन्हाचा विषय दुसऱ्या अध्यायात आला होता, चौदाव्या श्लोकात, आणि तिथे काय म्हटलंय? हे येतात आणि जातात, कायमचे नाहीत, सहन कर. बस. थंडीचं कौतुक नाही केलेलं. (नवव्या अध्यायात अमृतही मी आणि मृत्यूही मी असं येतं, ते मला माहीत आहे, कमेंटमध्ये लिहू नका. तो वेगळ्या उंचीवरचा विषय आहे, तिथे पोचलो की बघू.) माझं म्हणणं एवढंच की दुःख आपोआप माणसाला पक्व करतं हे आपण सत्संगात फार सहज बोलतो. "देव परीक्षा बघतोय." "सोनं तापल्याशिवाय..." वगैरे. मी स्वतः लोकांना हे ऐकवलेलं आहे, क्षमा असावी. दुःखाने माणसं नुसती वाळूनही जातात. अशी आपण बघितली आहेत, वीस वर्षांपूर्वीचा अपमान काल झाल्यासारखा सांगणारी. टिकून आहेत, उगवली नाहीत. तेवढ्याच थंडीत दुसरा कुणी मऊ होऊन बाहेर येतो. थंडी दोघांना सारखीच. फरक ओलीचा.

ओल म्हणजे काय मग? मला विचाराल तर कुणाला तरी खरं सांगणं, ही पहिली. देवाला सांगणं तर आहेच, पण देवाला सांगताना आपण फार छान वाक्यं बनवतो. आईला सांगताना बनवता येत नाहीत. दुसरी, कुणाचं तरी ऐकणं. तिसरी, नाम, पण मोजणीचं नव्हे, हाक मारल्यासारखं. आणि हो, पाणी गळायला लागलं तर कुजतं, तेही खरं. रोज रडायचं, स्टेटसवर रडायचं, म्हणजे भक्ती नव्हे. मुठीत ढेकूळ व्हावं, टाकलं की फुटावं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण वाचणाऱ्यांत पंचविशीतले बरेच आहेत. ओलं बी फ्रिजऐवजी फ्रीझरमध्ये गेलं तर आतलं पाणी गोठून बी मरू शकतं. सगळ्याच थंड्या सोसण्याजोग्या नसतात. झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल, अंथरुणातून उठवत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर माळ हातात असू द्या आणि डॉक्टरांकडे जा. त्यात श्रद्धा कमी पडली असं काही नाही.

त्या रविवारी भजनाला गेलो. मेपल ग्रोव्हला मोठं हिंदू मंदिर आहे, पण आमचं भजन एकाच्या बेसमेंटमध्ये असायचं, पंधरा-वीस माणसं, एक पखवाज, टाळ. "कसं चाललंय?" विचारलं, मी म्हटलं, "नोकरी गेली, एकोणीस दिवस झाले." एक काका म्हणाले, "माझी २००१ ला गेली होती, मग २००९ ला परत." दुसऱ्याने रेझ्युमे मागितला. वहिनींनी डबा भरून दिला. मी का थांबलो होतो, देव जाणे.

याच सूर्यफुलाची अजून एक गंमत. ते स्वतःच्या परागकणांनी बी धरत नाही. एकच रोप लावलं तर फुलं छान येतील, मधमाश्या येतील, पण चांगलं बी भरायचं तर शेजारी दुसरं, वेगळ्या बीपासून आलेलं रोप लागतं. सनातन बीजाचं हे इतकं साधं लेकरू, तेही एकट्याने पुढे जात नाही. मी यावर जास्त बोलत नाही, बेसमेंटमध्ये जाऊन या कुठल्यातरी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पिशवी काढली. दोनचार बियांना फ्रिजमध्येच बारीक पांढरे कोंब आले होते. लेक ओरडली, "मटकी!" बाकीच्या ट्रेमध्ये पेरल्या, अगदी वरवर, दिव्याखाली. आठ-दहा दिवसांत बावीस रोपं.

आणि इथे खरा प्रश्न आला. चोपन्नाव्या दिवशी मला ऑफर मिळाली होती, अर्ज मुदतीत दाखल झाला. पण नोकरी टेक्सासमध्ये. जूनपर्यंत घरून काम, मग डॅलसला हजर व्हायचं. आणि हे झाड पहिल्या वर्षी जवळपास काहीच दाखवत नाही. सगळी ताकद मुळांत जाते, वर नुसती लांबट पानं. बीपासून लावलेलं असेल तर फुलासाठी बहुतेक वेळा दुसरं वर्ष उजाडतं. म्हणजे मी ते लावणार मेअखेर, घर सोडणार जूनअखेर, फुलणार पुढच्या वर्षाच्या सप्टेंबरात. कुणासाठी?

बायको म्हणाली, "टाकून देऊ या का?" मला लगेच दुसऱ्या अध्यायातला तो कर्म आणि फळाचा सुप्रसिद्ध श्लोक आठवला आणि तोंड उघडणार इतक्यात गप्प बसलो. कारण तो श्लोक आपण बहुतेक वेळा फळाची पर्वा नाही अशा अर्थाने वापरतो. मला पर्वा होती. मला ती फुलं बघायची होती. ज्याला फळाची पर्वाच नाही तो तण काढत नाही, सशापासून राखण करत नाही, पाण्याची पाळी चुकवतो. त्या श्लोकात फळावर तुझा हक्क नाही असं म्हटलंय, फळ नको असू दे असं नाही म्हटलेलं. आणि लगेच पुढे, काम न करण्यात गुंतू नकोस असंही म्हटलंय, ते आपण गाळतो.

आईच्या माहेरापासून फार लांब नाही अरण, माढा तालुक्यातलं. तेराव्या शतकातले सावता महाराज तिथले. जातीने माळी, धंद्याने माळी. पंढरपूर जवळ असून ते मळा सोडून वारीला धावले नाहीत, मळ्यातच त्यांना पांडुरंग भेटला, असं परंपरा सांगते. लहानपणी मला वाटायचं की महाराजांना बागेची फार आवड असावी. आता वाटतं तसं नसावं. मळा राखणाऱ्याला रोज दिसतं की आपण लावतो त्यातलं किती कुठे जातं. पाखरं खातात, बाजारात जातं, पाहुण्याच्या ताटात जातं. हातात राहते ती खुरपी. तरी तो उद्या परत पाणी सोडतो. ते वैराग्य पुस्तकातलं नाही.

शेवटी काय केलं, तर शेजारच्या आजींना विचारलं. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या, दर रविवारी लुथरन चर्चला जाणाऱ्या. त्यांच्या कुंपणाला दिवसभर ऊन असायचं. तिथे पाच रोपं लावली, दोनदोन फुटांवर. त्यांना सांगितलं, यावर्षी हे गवतासारखं दिसेल, उपटू नका. त्यांनी आइस्क्रीमच्या काड्यांवर नाव लिहून शेजारी खोचल्या. बाकीची रोपं भजनाच्या मंडळींत वाटली. जूनअखेर ट्रक आला तेव्हा ती पाच रोपं वीतभर होती. लेक प्रत्येकाला बाय म्हणून आली.

'सनातन' या शब्दाचं काय ते राहिलं. साधं बी रुजलं की बी म्हणून संपतं, तुम्ही परत काढू शकत नाही. रोप जगायचं तर बीने मोडलंच पाहिजे. भगवंतांनी स्वतःला बीज म्हटलं पण लगेच सनातन हा शब्द जोडला, म्हणजे हे असं बी जे सगळं होऊनही उरतं. माझ्या अंगणातलं बहुवर्षायू झाड काही सनातन नाही, तेही काही वर्षांनी जाणार. पण एका जागी वरून सगळं संपल्यासारखं दिसत असताना खाली काहीतरी शाबूत आहे, एवढी कल्पना करायला ते मदत करतं. मिनेसोटाचा जानेवारी उणे वीस-पंचवीस अंशांचा. आजींच्या कुंपणाशी त्या हिवाळ्यात नुसत्या वाळक्या काटक्या होत्या, वर बर्फ, आणि काड्यांवरची शाई पुसट झालेली. फोटो त्यांनी पाठवला होता, खाली लिहिलं होतं, "माफ करा, बहुतेक मेली." मी लिहिलं, मे महिन्यापर्यंत थांबा.

मे महिन्यात चार आली. एक सशाने खाल्लं.

सप्टेंबरात, गणपती होते घरी, आरती चालू असताना फोन वाजला. आजी कुंपणाशी उभ्या आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर दोन हात वर पिवळं. आईला पाठवला तो फोटो. तिचं उत्तर व्हॉइस मेसेजमध्ये: "फुलं बारकी हायत. पर लई हायत."

मागच्या महिन्यात, ऑक्टोबरात, डॅलसच्या उत्तरेला गाडीने चाललो होतो. रस्त्याच्या कडेला, कुणी न लावलेलं, कुणी पाणी न घातलेलं, अर्धा मैलभर तेच मॅक्सिमिलियन सूर्यफूल. इकडेही ते रानात येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. गाडी हळू केली. लेक, आता सात वर्षांची, काचेला नाक लावून बघत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं,

"बाबा, यांना फ्रिजमध्ये कोणी ठेवलं होतं?"

उद्या अकरावा श्लोक. 'काम' शब्दावर आहे, वाचून या.

रामकृष्ण हरी.